अगं म्हणणारं माणूस

इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकचा पाऊस हा पाऊसच नव्हे, अशी यमुनाची पहिल्या वर्षापासून तक्रार होती. मिरजेचा पाऊस भांडायला आल्यासारखा यायचा. पत्र्यावर थयथयाट करायचा, गटारी तुंबवायचा आणि मन भरलं की चालू लागायचा. इथला म्हणजे दारात बसून राहिलेला मुका पाहुणा. बोलत नाही, उठत नाही, जातही नाही. २००७ सालच्या जानेवारीतल्या त्या सकाळीही तो तसाच बसून होता. बस-स्टॉपपासून टेकडीवरच्या केअर होमपर्यंतचा चढ चढताना यमुनाच्या बुटात पाणी शिरलं. स्टाफरूममध्ये मोजे रेडिएटरवर वाळत टाकून, थंडगार पाय कामाच्या चपलांत सरकवून ती वरच्या मजल्यावर गेली, तेव्हा बाहेर उजाडलंही नव्हतं.

सकाळचं काम ठरलेलं. पहिल्या खोलीतल्या मिस्टर हॉकिन्सना होइस्ट यंत्राच्या झोळीत घालून पलंगावरून उचलायचं, पॅड बदलायचा, पाठ पुसून कोरडी करायची, कवळी धुऊन तोंडात बसवायची. मग शेजारची खोली, मग तिच्या शेजारची. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांच्या चहात घट्टपणाची पावडर घालून तो पिठल्यासारखा करायचा आणि चमच्यानं भरवायचा. यमुनानं उमेदीची वर्षं मिरजेच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती. हागण्या-मुतण्याची तिला किळस नव्हती. "लेकराचं काढलं की माया, आन म्हाताऱ्याचं काढलं की नोकरी व्हय?" असं ती स्वतःशीच म्हणायची. इथं तिच्या बोलीत म्हणायला दुसरं होतं कोण?

पण त्या दिवशी हात कामात आणि जीव कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत, असं चाललं होतं. त्या खोलीत कार्मेले होती. म्हातारीनं नाताळापासून अन्न जवळजवळ सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात नाकात नळी घालण्यात अर्थ नाही. तोंडानं जाईल ते जाईल. तोंडानं काही जातच नव्हतं. दोन चमचे सूप, तेही गालात धरून ठेवायचं आणि हळूच रुमालात सोडायचं. आज दुपारी तिचा भाऊ येणार होता, स्पेनच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून, बास्क मुलखातून. मॅनेजर जॅनेटच्या मागं भुणभुण लावून यमुनानंच त्याला फोन करवला होता.

जॅनेटला वाटत होतं, भाऊ आला की शेवटची भेट होईल. यमुनाला वाटत होतं, भाऊ आला की म्हातारी जेवेल. कारण ती कशासाठी अडून बसली आहे, हे या इमारतीत एकट्या यमुनाला ठाऊक होतं. तिला सूप नको होतं, कस्टर्ड नको होतं. तिला कुणीतरी 'अगं' म्हणायला हवं होतं. तिच्या भाषेतलं अगं.

यमुनाला हे उमगलं, कारण त्याच भुकेनं ती स्वतःही पोखरली होती.

यमुना तासगावची. लग्न होऊन मिरजेत आली. नवरा पुरुषोत्तम दवाखान्यात कंपाउंडर. मूलबाळ झालं नाही. नवरा होता तोवर घरात "अगं, चहा झाला का", "अगं, माझा चष्मा बघ की" असा दिवसभर गलका असायचा. कावीळ होऊन तो गेला आणि घराची वाचाच बसली. तेवढ्यात एक एजंट भेटला. इंग्लंडात म्हाताऱ्यांची सेवा करायला नर्सा हव्या आहेत म्हणाला. लोकांना वाटलं, यमुना पैशाच्या मागं गेली. ती त्या मुक्या घरातून पळाली होती.

थोरली बहीण सुमन तासगावात होती. दर रविवारी कॉलिंग कार्ड खरवडून यमुना तिला फोन लावायची. "अगं यमे, जेवलीस काय?" एवढं पलीकडून आलं की आठवडाभराचा शीण उतरायचा. सुमनला प्रत्येक वाक्याच्या शेपटाला गं लावायची खोड. "ऊन लई पडलंय गं. म्हस आटली गं. थोरल्या जावंनं येगळी चूल मांडली गं." ऊन काय, म्हैस काय, सगळं यमुनासाठीच घडत असल्यासारखं. मग एका श्रावणात सुमनही गेली. आता फोन भाचा रवी उचलायचा. लहानपणी "मावशे, मला घे की" म्हणून मांडीवर चढणारं पोर. ते आता घसा साफ करून म्हणायचं, "मावशी, तुम्ही कशा आहात? तिकडं हवापाणी काय म्हणतंय?" मावशी विलायतेला गेली म्हणून त्यानं तिला मान दिला होता.

"मान दिला आन हात सोडला," यमुना फोन ठेवताना म्हणायची.

ती राहायची अनुप आणि श्रद्धा या पुण्याच्या जोडप्याकडे, वरच्या खोलीत. दोघंही बिझनेस पार्कमध्ये कॉम्प्युटरवाले. माणसं सोन्यासारखी. "यमुनाताई, तुम्ही किचन अगदी स्वतःचं समजून वापरा हं. फक्त फोडणीला एक्स्ट्रॅक्टर ऑन करा, नाहीतर स्मोक अलार्म वाजतो." त्यांची मुलगी निधी इथंच जन्मलेली. ती दारातच विचारायची, "काकू, तू कधी आला?"

"निधी, आला नाही, आलात," श्रद्धा आतून ओरडायची. "काकू मोठ्या आहेत ना आपल्यापेक्षा?"

"ऱ्हाऊ द्या की हो. आमच्याकडं बायकाबी 'मी आलो, मी गेलो'च म्हणत्यात. पोरगी सांगलीची वाटतीया."

श्रद्धा हसली, पण तिनं पोरीला वळण लावायचं सोडलं नाही. शनिवारच्या मराठी शाळेत घातलं. एका संध्याकाळी निधीनं दार उघडलं आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "काकू, तुम्ही आलात?" श्रद्धानं टाळ्या वाजवल्या. यमुनानंही वाजवल्या. त्या घरात एकच तू होता, तोही गेला.

आणि कामावर तिला दोघी बहिणी भेटल्या होत्या.

यमुना या केअर होममध्ये लागली तेव्हा कार्मेले आणि तिची थोरली बहीण इत्सियार एकाच खोलीत होत्या. १९३७ साली त्यांच्या मुलखात लढाई पेटली, गावांवर बॉम्ब पडायला लागले, तेव्हा हजारो पोरांना बोटीत घालून साउदॅम्प्टनला पाठवलं, त्यांतल्या या दोन. तीन महिन्यांत परत न्यायला येतो, असं आईनं धक्क्यावर सांगितलं होतं. बाप लढाईत गेला, आई त्यामागोमाग. पोरी तंबूत राहिल्या, मग कॉन्व्हेंटात, मग शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवत म्हाताऱ्या झाल्या. लग्न दोघींनीही केलं नाही. एक घर, एक किटली, एकमेकींशी एक भाषा. बाहेर मात्र अस्सल हॅम्पशरच्या खेडवळ इंग्रजीत बोलायच्या, आणि ते इंग्रजी यमुनाच्या कानात तासगावच्या बोलीसारखंच उतरायचं.

एकदा चादर बदलताना तिनं ऐकलं. खिडकीतून एक म्हणाली, "आयसान!" पलंगावरून दुसरी म्हणाली, "आयसान!"

"दोघींचं नाव एकच आहे का?" यमुनानं विचारलं.

दोघी खोकला येईपर्यंत हसल्या. "नाव कुठलं, बये," कार्मेले म्हणाली. "आयसान म्हणजे ऐक. पण बाईला, आणि तीही जवळची असली तर. गडी असला तर आयसाक. आणि पाद्री, डॉक्टर, परकं माणूस असलं तर आयसू."

यमुना चादरीचं टोक धरून तशीच उभी राहिली. "अगं, अरे, अहो!" ती मराठीतच ओरडली. "तुमच्यातबी हाय व्हय!"

त्या दिवसापासून कामाच्या घाईतही त्यांचा फड जमायला लागला. त्यांच्यात जवळच्याला 'ई' म्हणायचं आणि मानाच्याला 'सू'. नुसतं एवढंच नाही. पाऊस पडतोय एवढं सांगायचं तरी ऐकणारी बाई आहे की बुवा, ते त्या शब्दाच्या शेपटात येतं. बहिणीला सांगायचं तर "एउरिया आरी दिन".

"पाऊस पडतोय गं," यमुनानं लगेच मराठी केलं. सुमनचं वाक्य. म्हस आटली गं.

"मग ई कुणाकुणाला म्हणायचं?"

"बहिणीला, मैत्रिणीला, गाईला, कुत्र्याला," इत्सियारनं यादी दिली.

"नवऱ्याला?"

"छे! नवऱ्याचा मान ठेवावा लागतो. म्हणून तर आम्ही नवराच ठेवला नाही."

"आणि आईला?"

"आईला ई म्हटलं तर थोबाड फुटतं. तुमच्यात?"

"आमच्यात आईला तूच म्हणतात, आणि बापाला पुष्कळ घरांत अहो बाबा."

"बिचारी आई," कार्मेले म्हणाली. पण थोडा वेळ खिडकीबाहेर बघून पुन्हा म्हणाली, "की नशीबवान?"

पुढच्या हिवाळ्यात इत्सियार न्यूमोनियानं गेली. कार्मेलेला टोकाची एकटीची खोली मिळाली. ती रोज सकाळी भिंतीला म्हणायची, "आयसान, एउरिया आरी दिन," आणि उत्तरासाठी थांबायची. यमुना पडदे सरकवायची, उशी फुगवायची. त्या थांबण्यात पाय पडू नये म्हणून चवड्यांवर चालायची.

मग एके दिवशी केस विंचरताना म्हातारी एकदम म्हणाली, "आयसान, हातात जोर नाही का? घट्ट ओढ की."

खोलीत तिसरं कोणी नव्हतं. भिंतीकडे तिची पाठ होती. यमुनाला अगं म्हटलं होतं.

कंगवा तसाच केसांत ठेवून ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. दाराबाहेरून जॅनेटनं विचारलं, "यू ऑलराइट, लव्ह?" इथं सगळेच सगळ्यांना लव्ह म्हणत. बसचा ड्रायव्हरही म्हणायचा. ते चिल्लरीसारखं, या हातातून त्या हातात जाणारं. हे तसं नव्हतं. हे इत्सियारच्या जागेवर बसवून दिलेलं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी, "आयसान, एउरिया आरी दिन." यमुनाचा दिवस त्या एका वाक्यावर निघायचा. तिला आता रविवारच्या फोनचं काही वाटेनासं झालं.

पण देण्याला घेणं असतं. थोड्या दिवसांनी कार्मेले म्हणाली, "आता तू म्हण."

"काय?"

"मला ई म्हण. आयसान म्हण. मी म्हणते तर तू का नाही?"

यमुनाला ते जमेना. सासूला अहो आई, नणंदेला अहो वन्सं, डॉक्टरीणबाईंना अहो मॅडम म्हणत तिचा जन्म गेला होता. थोरल्या बाईला अगं-तुगं? सुमनला म्हणायची, पण सुमन एका पोटची. ही आईच्या वयाची.

"तुम्ही माझ्या आईसारख्या आहात," ती म्हणाली.

"मला नाही आई व्हायचं," म्हातारी चिडली. "मी कधी कुणाची आई नव्हते. कुणाची बायको नव्हते. जन्मभर मी एकच होते, एकीची धाकटी बहीण. ते म्हणणारी गेली. आता मी कोण? म्हण की गं!"

यमुना अदबीनं मान झुकवून म्हणाली, "आयसू, कार्मेले."

"सू!" म्हातारीनं तोंड फिरवलं. "तू पण त्या डॉक्टरासारखीच."

तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. कधी हसून, कधी हात धरून. यमुना दर वेळी उद्यावर ढकलायची. बसमध्ये पुटपुटून बघायची, आयसान, आयसान. पण समोर तो सुरकुतलेला चेहरा आला की शिकवलेली मर्यादा आडवी यायची. मग म्हातारीनं विचारायचं सोडून दिलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिचं इंग्रजी गळायला लागलं. आधी भाज्यांची नावं गेली, मग माणसांची. दिवाळीच्या सुमारास साठ-सत्तर वर्षांचं इंग्रजी पूर्ण पुसून गेलं आणि खाली बास्क तेवढं उरलं. तरी सकाळचं वाक्य होतं. नाताळात तेही थांबलं. ओठ मिटले ते मिटले.

यमुना घाबरली. आता म्हणावं, तर आता आणखीच लाज वाटायची. दार उघडं, कॉरिडॉरमधून पोरी ये-जा करणार, आणि इतक्या विनवण्या झाल्यावर आता आपण म्हणायचं? मग तिनं मनाशी ठरवलं, आपण कोण परक्या. तिचा सख्खा भाऊ आहे. रक्ताचा आहे. त्यानं एकदा म्हटलं की म्हातारी तोंड उघडेल. आणि ती जॅनेटच्या मागं लागली.

भाऊ दुपारी आला. आन्दोनी त्याचं नाव. सत्तरीचा, खांद्यांनी रुंद, भिजलेला रेनकोट, हातात फडक्यात बांधलेलं घरचं चीज. लढाईच्या वेळी तो पाळण्यात होता, म्हणून बोटीत न बसता मागं राहिला आणि मावशीनं वाढवला. तरुणपणी जहाजावर होता, त्यामुळे तोडकंमोडकं इंग्रजी यायचं. दारात टोपी काढून, चर्चमध्ये पाऊल टाकावं तसा तो आत आला.

"आयसू, कार्मेले," तो म्हणाला.

अहो कार्मेले.

म्हातारीनं डोळे उघडले. भावानं खुर्ची ओढली, बोलत राहिला. गावाचं, गुरांचं, कोण मेलं त्याचं. कार्मेले गावच्या पाद्र्याचं ऐकावं तशी मान हलवत होती. त्यानं सूपचा चमचा पुढं केला. तिनं पंजा उभा करून तो नम्रपणे थांबवला.

यमुनानं त्याला बाहेर बोलावलं. "तुम्ही तिला ई का म्हणत नाही?"

तो चमकला. "तुला कुठून ठाऊक?"

"तिनंच सांगितलं. तिला तेच हवं आहे."

"ती थोरली. मी पहिल्यापासून सू म्हणतो. मावशीनं तसंच शिकवलं."

"आज म्हणा. एकदा म्हणा. म्हणजे जेवेल."

आन्दोनीनं टोपी दोन्ही हातांत पिळली. पाणी जमिनीवर ठिबकलं. "येत नाही मला," तो म्हणाला.

"काय येत नाही?"

"बायकांचं. गड्यांचं येतं. दारूच्या गुत्त्यात, जहाजावर, बैलाशी, दिवसभर तेच बोलतो मी. आयसाक इकडं, आयसाक तिकडं. बायकांचं बायकाच आपसात बोलायच्या, चुलीपाशी, धुण्याच्या दगडावर. आम्ही पोरं चिडवायचो त्यांना. माझ्या बायकोला येत नव्हतं. माझ्या पोरींनी कधी ऐकलंही नाही. गावात ते येणारी शेवटची माझी मावशी. तिला पुरून आता..." त्यानं हात झटकला. "गड्यांचं राहिलं. बायकांचं मेलं."

"मोडकं म्हणा. चुकीचं म्हणा. माझंपण मोडकंच आहे."

तो आत गेला. पलंगाशी वाकला. ओठ दोनदा जुळवले आणि बोलून गेला, "आयसाक..."

जन्माची सवय. गड्याला हाक मारायची तीच.

कार्मेलेनं सावकाश मान वळवली. भावाकडे नाही, त्याच्या मागं, दाराकडे. कोणता पुरुष आला आहे ते बघायला. दारात कोणी नव्हतं. तिनं जरा वेळ वाट पाहिली आणि डोळे मिटून घेतले.

"बघितलंस?" आन्दोनी म्हणाला. त्याला हसू फुटलं आणि ते अर्ध्यात मोडलं. "बैलाशीच बोलता येतं मला." त्यानं चीजचं गाठोडं खिडकीत ठेवलं आणि सिगारेट ओढायला म्हणून बाहेर पावसात जाऊन उभा राहिला. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. सिगारेट पेटतच नव्हती.

यमुनानं दार लावून घेतलं. पलंगावर बसायचं नाही असा नियम, ती बसली. म्हातारीचा हात हातात घेतला. पक्ष्याच्या पायासारखा. आता लाज कुणाची धरायची होती? तिनं सुमनला हाक मारावी तशी, तासगावच्या परसातून शेजारच्या परसात जाईल अशी हाक मारली.

"आयसान, कार्मेले! एउरिया आरी दिन."

अगं कार्मेले! पाऊस पडतोय गं.

म्हातारीचे डोळे उघडले. यमुनाच्या चेहऱ्यावर आले आणि तिथंच थांबले. दुसऱ्या हातानं चाचपून यमुनानं चमचा उचलला. आता. आता तोंड उघडेल.

कार्मेलेनं हात सोडवून घेतला. कार्डिगनची वरची गुंडी चाचपून पाहिली. कानामागं केस सारखे केले, आपण अस्ताव्यस्त असताना घरात परकं माणूस यावं तसे. मग सावकाश, स्वच्छ शब्दांत काहीतरी विचारलं. इतक्या दिवसांत यमुनाला तेवढं समजत होतं. बाई, आपण कोण?

आपण. सू.

"मी... मी यमुना. आयसान..." तिनं खिडकीकडे बोट केलं. "एउरिया आरी दिन."

कार्मेलेनं बोटाच्या दिशेनं पाहिलं. पाहुण्या बाईचं मन राखावं म्हणून मान डोलावली. "एउरिया आरी दु," ती म्हणाली.

पाऊस पडतोय. नुसता. ऐकणारीसाठी असायचं ते इवलंसं शेपूट गळून गेलं होतं. तो आता कुणासाठीच पडत नव्हता, आपला पडत होता.

यमुनानं चमचा ओठांशी नेला. म्हातारी हसली, सभ्य, लांबचं हसू, आणि तिनं पंजा उभा केला. नको, आभारी आहे. पोटात आग पडली तरी परक्याच्या घरी माणूस म्हणतं तसं. भावाला केला होता तोच पंजा, तेवढाच उंच.

यमुना चमचा धरून बसून राहिली. ही बाई हात धरून मागत होती तेव्हा हा शब्द तोंडात होता. दिला नाही. थोरली, थोरली म्हणत तिला पाटावर बसवून ठेवली, आणि ती तिथंच एकटी पडली. "रव्यानं माझं केलं, त्येच म्या हिचं केलं," ती मराठीतच म्हणाली. कार्मेलेनं समजल्यासारखी अदबीनं मान हलवली. तेवढ्यानंच यमुनाला भडभडून आलं.

तिला दिसत होतं, उद्या सकाळी ती या खोलीत येईल, पडदे सरकवेल, आणि म्हातारी तिला म्हणेल, नमस्कार बाई. किंवा काहीच म्हणणार नाही. थोड्या दिवसांनी हा पलंगही रिकामा होईल. मग या देशात, त्या देशात, कुठंही, तिला अगं म्हणणारं माणूस उरणार नाही. आणि तिला जो शब्द आता कुठं म्हणता आला, तो ऐकणारंही.

कॉरिडॉरच्या पहिल्या खोलीतली घंटा वाजली. मिस्टर हॉकिन्स. दुपारच्या चहाची वेळ होऊन गेली होती.

यमुनानं स्पंजाची काडी पाण्यात बुडवून कार्मेलेचे कोरडे ओठ ओले केले, चादर गळ्यापर्यंत ओढली, सूपची वाटी उचलली. बाहेर आन्दोनी अजून तसाच उभा होता. तिनं वाटीतलं सूप कचऱ्याच्या पिशवीत निपटून टाकलं, चमचा धुतला. मग ट्रॉलीवरचा दोन कानांचा कप घेतला, त्यात चहा ओतला, पावडरीचा एक चमचा टाकला, दुसरा टाकला. घंटा पुन्हा वाजली.

"कमिंग, मिस्टर हॉकिन्स," ती म्हणाली, आणि ढवळत राहिली. मध्येच थांबलं तर गुठळ्या होतात.